कोणाचं मीठ न खाता

बिल कनिंगहॅमला कोणी ‘थोर छायाचित्रकार’ म्हटलं तर ते त्याला पटायचं नाही. २००२ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याने स्वतःची हकिगत सांगितली, तेव्हा बोलून टाकलं की आपण काही चांगले छायाचित्रकार नाही. स्वभाव बुजरा, पुढे घुसणं जमत नाही; छान कपडे घातलेल्या बायका बघायला आवडतं, बस, एवढंच. हे सांगताना तो ७३ वर्षांचा होता. रविवारच्या ‘टाइम्स’मधलं त्याचं ‘ऑन द स्ट्रीट’ हे सदर उघडून आपण त्यात आहोत का हे बघणाऱ्यांत मॅनहॅटनमधल्या कोट्यधीशांपासून फॅशन शिकणाऱ्या पोरापोरींपर्यंत सगळे होते. ‘व्होग’ची तेव्हाची संपादक ॲना विंटूर म्हणायची, आम्ही सगळे बिलसाठीच तर नटतो.

तरीही त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्याचा एकेक फोटो सुटा काढून भिंतीवर टांगला, तर तो कार्तिए-ब्रेसाँ किंवा गॅरी विनोग्रँड अशा रस्त्यावरच्या नामवंत छायाचित्रकारांच्या फोटोशेजारी टिकत नाही. मागे टॅक्सी, दुकानांचे फलक, अर्धवट कापली गेलेली माणसं; उजेड मिळेल तसा. चेहरा स्पष्ट आलाय की नाही याचीही त्याला फारशी फिकीर नसे. तो बघायचा खांदा कसा बेतलाय, घोळ किती सोडलाय, पट्टा कुठे आवळलाय. रस्त्यावर फोटो काढणाऱ्या इतरांची नजर चित्रकाराची असते किंवा बातमीदाराची. बिलची नजर कारागिराची होती, कारण कॅमेरा हाती येण्याआधी कितीतरी वर्षं तो बायकांच्या हॅट बनवून विकत होता.

बोस्टनमधल्या एका आयरिश कॅथलिक घरात १३ मार्च १९२९ रोजी तो जन्मला. चार भावंडांतला दुसरा. घर कर्मठ. चार वर्षांचा असताना बहिणीचा गुलाबी ऑर्गंडीचा फ्रॉक घालून आपण घरभर मिरवलो आणि आईच्या हातचा सपाटून मार खाल्ला, असं त्याने आठवणींत लिहून ठेवलंय. रविवारी चर्चमध्ये त्याचं प्रार्थनेत चित्त नसे. पुढच्या बाकांवरच्या बायकांच्या हॅट न्याहाळण्यात तो दंग असे. शाळेत असतानाच त्याने कपड्यांच्या मोठ्या दुकानात पोऱ्याचं काम धरलं. पुढे हार्वर्डची शिष्यवृत्ती मिळाली. घरच्यांना वाटलं, चला, पोरगं मार्गी लागलं. पोराने दोनेक महिन्यांत हार्वर्ड सोडलं आणि १९४८ साली न्यूयॉर्क गाठलं.

तिथे बॉनविट टेलर या उंची कपड्यांच्या दुकानात जाहिरात विभागात नोकरी, आणि फावल्या वेळात हॅट. आपल्या व्यवसायाला त्याने नाव दिलं ‘विल्यम जे.’. आडनाव मुद्दाम गाळलं, कारण मुलगा बायकांच्या हॅट बनवतो हे चारचौघांत कळलं तर घरच्यांची मान खाली जाईल अशी धास्ती. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करी सेवा आली, तीही नेमकी फ्रान्समध्ये. म्हणजे सरकारी खर्चाने पॅरिस! परत आल्यावर पुन्हा हॅट. त्याच्या हॅट नुसत्या डोकं झाकणाऱ्या नव्हत्या. समुद्रकिनाऱ्यावर घालायच्या तर फळाभाज्यांच्या आकाराच्याही असत. मेरिलिन मन्रो, कॅथरीन हेपबर्न अशी गिऱ्हाइकं आल्याचं सांगतात. पण १९६०च्या आसपास बायकांनी केस फुगवून रचायला सुरुवात केली आणि हॅट घालणंच सोडलं. धंदा बसला.

मग ‘विमेन्स वेअर डेली’ या फॅशनच्या व्यापारी दैनिकाच्या जॉन फेअरचाइल्डने त्याला लिहायला बोलावलं. पॅरिसमध्ये त्या वेळी डिझायनर इव्ह सां लोराँचा बोलबाला होता. बिलचं मत वेगळं, त्याच्या लेखी खरा नवा माणूस होता आंद्रे कुरेज. हे मत मांडणारा त्याचा लेख छापला गेला नाही. वर्तमानपत्राने आधीच ठरवलेल्या राजाची पालखी आपण का वाहायची, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसला तो कायमचा.

कॅमेऱ्याची गोष्ट योगायोगाची आहे. आंतोनिओ लोपेझ या फॅशनची चित्रं काढणाऱ्या कलावंतामुळे बिलची ओळख लंडनचा छायाचित्रकार डेव्हिड माँटगोमरीशी झाली. १९६७च्या सुमाराला माँटगोमरीने त्याच्या हातात एक छोटा ऑलिंपस पेन-डी ठेवला. किंमत ३५ डॉलरच्या घरात. सोबत सल्ला एवढाच, की हा वहीसारखा वापर. हा हाफ-फ्रेम कॅमेरा. म्हणजे फिल्मच्या एका चौकटीच्या जागेत दोन फोटो बसतात, ३६च्या रोलवर ७२ निघतात. मोठ्या कलाकृती काढायला निघालेल्या माणसाने असला कॅमेरा घेतला नसता. पण ज्याला रस्त्यावर दिसेल ते टिपून ठेवायचंय, रोलचे पैसेही वाचवायचेत, त्याला याच्याइतका सोयीचा दुसरा मिळाला नसता. खिशात मावायचा, बुजऱ्या माणसालाही तो पटकन वर काढून पुन्हा लपवता यायचा.

ते दिवसही असे, की रस्त्यावर पाय ठेवावा आणि काहीतरी नवं दिसावं. हिप्पी, त्यांचे मेळावे, निदर्शनं, आजीच्या पेटीतले कपडे घालून फिरणारी पोरं. बिलच्या लक्षात आलं की पॅरिसमधल्या शोमध्ये मांडतात तो नुसता प्रस्ताव असतो. तो बायकांनी मानला की धुडकावला, याचा निकाल रस्त्यावर लागतो. आणि नेमकं तेच कोणी नोंदवत नाही. पुढे त्याने स्वतःची तीन ठाणी ठरवून घेतली: शो, रस्ता आणि रात्रीच्या पार्ट्या. डिझायनर काय विकू बघतात, लोक खरोखर काय घालतात आणि मिरवायचं असतं तेव्हा काय काढतात. तिन्ही बघितल्याशिवाय आपल्याला काही कळलं असं म्हणायचा हक्क नाही, ही त्याची धारणा.

१९७८ सालच्या हिवाळ्यात फिफ्थ ॲव्हेन्यूवर त्याला एका बाईचा कोट दिसला. न्यूट्रिया नावाच्या पाणउंदरासारख्या प्राण्याची फर, अंगावर दुसरा कसलाही दागदागिना नाही. बिलचे डोळे त्या खांद्यावर खिळले. फर जाड असते. तिचा खांदा बेतताना कारागीर जरा चुकला की बाई पोत्यात भरल्यासारखी दिसते. हा खांदा मात्र सुरेख उतरला होता. त्याने फोटो काढले आणि ‘टाइम्स’मध्ये दाखवले. मग कळलं की कोटाच्या आत ग्रेटा गार्बो आहे, चाळीसच्या दशकात पडद्यावरून निवृत्त होऊन छायाचित्रकारांना आयुष्यभर चकवत राहिलेली नटी. बिलने तिला ओळखलंच नव्हतं. त्याने सांगितलं, मी पाहिला तो कोट, आणि त्याचा खांदा. संपादक आर्थर गेल्ब यांनी तो फोटो बिलच्या इतर फोटोंसोबत ३० डिसेंबर १९७८च्या अंकात छापला. नामवंतांचे असे न विचारता काढलेले फोटो छापायला तोवर ‘टाइम्स’ बिचकत असे. गेल्ब यांच्या मते त्या दिवशी वर्तमानपत्राने एक उंबरठा ओलांडला.

या एका फोटोवर दुसरा कोणी आयुष्यभर जगला असता. बिलला गार्बोत रस नव्हता. रिचर्ड प्रेसने त्याच्यावर केलेल्या माहितीपटात एक प्रसंग आहे. पॅरिसमध्ये कॅथरीन दनव येते, छायाचित्रकारांची झुंबड उडते. बिल कॅमेरा उचलतच नाही. तिने बघण्यासारखं काही घातलेलं नाही, हे त्याचं कारण. नट्यांना कपडे फुकट मिळतात. फुकटच्या कपड्यात आपल्याला गोडी नाही, असं तो हसत हसत म्हणायचा. स्वतःच्या खिशातले पैसे घालून, स्वतःच्या अकलेने कोण काय नेसतं-घालतं हे त्याला बघायचं असे. म्हणून त्याच्या पानांवर नेपाळचा शैल उपाध्याय पुनःपुन्हा दिसतो. संयुक्त राष्ट्रांत काम केलेला हा गृहस्थ स्वतःच बेतलेल्या, डोळे दिपवणाऱ्या रंगांच्या सुटांमध्ये पार्ट्यांना हजर व्हायचा.

‘ऑन द स्ट्रीट’ १९८९ पासून नियमित सुरू झालं. बिलची खरी कामगिरी समजून घ्यायची तर या पानाजवळ जरा थांबलं पाहिजे. एका पानावर पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे असे अनेक फोटो, एकमेकांना चिकटून. विषय एकच. कधी उंटाच्या रंगाचे कोट. कधी फक्त काळं-पांढरं. कधी कमरेखाली घसरलेल्या जीन्स, तर कधी स्कर्ट घातलेले पुरुष. एक कोट दिसला तर ती हौस. वेगवेगळ्या वयाच्या, रंगाच्या, ऐपतीच्या पंधरा-वीस अंगांवर तोच दिसला की ती शहराची चाल झाली. बाकीचे छायाचित्रकार एका नेमक्या क्षणाच्या मागे धावायचे. बिल मात्र पुरावा गोळा करत होता. विषय आधी ठरवून तो बाहेर पडत नसे. रस्ता काय सांगतो ते आठवडाभर ऐकायचं आणि मग फोटो ताटात मांडायचे.

हिवाळ्यातलं त्याचं लाडकं पान घ्या. न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडून दोन दिवस झाले की फुटपाथच्या कडेला, नेमकं रस्ता ओलांडायच्या जागी, करड्या पाण्याची आणि चिखलबर्फाची तळी साचतात. बिल तिथे कॅमेरा खाली धरून उभा. मग पानभर नुसत्या उड्या: उंच टाचांचे बूट हवेत, कोटाची झालर पंख्यासारखी पसरलेली, एक हात छत्रीवर आणि दुसरा स्कर्टवर, बँकेतल्या कुणा साहेबाची पँट गुडघ्यापर्यंत वर ओढलेली. कोण पलीकडे पोचलं आणि कोण पाण्यात पडलं हे बघणाऱ्याने ठरवावं. पाऊस आणि हिमवादळ त्याला फार प्रिय, कारण तेव्हा माणसं कॅमेऱ्याला विसरतात. इतरांचा धंदा ज्या हवेत बंद पडतो त्याच हवेत याचा तेजीत.

तो सगळीकडे सायकलनेच जायचा. २८ सायकली चोरीला गेल्या, ही २९वी, असं तो माहितीपटात मजेत सांगतो. अंगात फ्रान्समधले रस्ते झाडणारे कामगार घालतात तो जाड निळा डगला. पॅरिसच्या दुकानातून वीसेक डॉलरला आणलेला, भरपूर खिशांचा. पावसाळी पोंचो फाटला की नवा घ्यायचा नाही, चिकटपट्टी लावायची. राहायला कार्नेगी हॉलच्या वरच्या मजल्यावरची एक खोली. तिच्यात फाइलींची लोखंडी कपाटं भिंतीला भिंत लावून, त्यांत निगेटिव्ह, आणि उरलेल्या जागेत एक अरुंद खाट. स्वयंपाकघर नाही, न्हाणीघर बाहेर, शेजाऱ्यांसोबत सामाईक. कपडे कपाटांच्या मुठींना अडकवलेले. जगाच्या कपाटांचा हिशेब ठेवणाऱ्याकडे स्वतःचं कपड्यांचं कपाट नव्हतं. २०१० साली तिथल्या भाडेकरूंना बाहेर काढलं गेलं. सेंट्रल पार्कच्या कडेला प्रशस्त घर मिळालं, तर ओटा-बिटा काढून टाका, तिथे माझ्या फाइली बसतील, असं त्याने सांगितलं.

याच कार्नेगी हॉलमध्ये एडिटा शेरमन ही छायाचित्रकार त्याची शेजारीण होती. तिला घेऊन १९६८ ते १९७६ अशी आठ वर्षं त्याने ‘फसाड्स’ ही मालिका केली. जुन्या बाजारांतून पाचशेवर जुने पोशाख जमवले आणि ज्या काळातली इमारत त्याच काळातला पोशाख एडिटाच्या अंगावर, असे फोटो शहरभर काढले. त्यातल्या एका फोटोत ती जुन्या काळच्या थाटात, मोठी हॅट लेवून, आतून-बाहेरून रंगाच्या फवाऱ्यांनी चितारलेल्या भुयारी रेल्वेच्या डब्यात ताठ बसली आहे. नटूनथटून जायचं तरी गाडी कुठली! या मालिकेचे फोटो आज न्यूयॉर्कच्या इतिहास संग्रहालयात आहेत.

आता पैशांचं. आपल्याकडे फुकट ते पौष्टिक म्हणतात; बिलला फुकट म्हणजे विष. १९८२ साली ॲनी फ्लँडर्सने ‘डिटेल्स’ मासिक काढलं. त्यात बिलच्या फोटोंना कधी कधी शंभर-शंभर पानं मिळायची. मोबदला त्याने घेतला नाही. पुढे मोठ्या प्रकाशन कंपनीने मासिक विकत घेतलं, तेव्हाही नाही. पैसा घेतला नाही की तुम्हाला कोणी हुकूम सोडू शकत नाही, हे त्याचं साधं गणित. ‘टाइम्स’मध्येही वर्षानुवर्षं तो नोकरीत नव्हता. सायकलवर असताना ट्रकने उडवलं आणि दवाखान्याचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहिला, तेव्हा कुठे १९९४ साली, वयाच्या पासष्टीत, आरोग्य विम्यासाठी म्हणून त्याने नोकरी पत्करली.

रात्रीच्या पार्ट्यांचं ‘इव्हनिंग अवर्स’ हे त्याचं दुसरं सदर. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ज्याला पेज थ्री म्हणतात तोच मामला, पण काय फरक! कुठल्या पार्टीला जायचं हे तो पाहुण्यांची यादी बघून ठरवत नसे. पैसा कोणत्या कामासाठी जमवला जातोय ते बघे. तिथे गेल्यावर घासभर खाणं नाही की शॅम्पेन नाही. ग्लासभर पाणीसुद्धा तो नाकारायचा. आधी स्वस्तातलं सँडविच पोटात ढकलून यायचा. खाल्ल्या मिठाला जागावं हा संस्कार आपल्या हाडीमाशी मुरलेला. तो बिललाही मान्यच असावा. म्हणून तर त्याने मीठच खाल्लं नाही. लक्षाधीश बाईचा गाऊन गेल्या वर्षीच्या कुणाची तरी नक्कल असेल, तर ते छापायला त्याला कसलाच मिंधेपणा आड येत नसे. नवं डिझाइन आणि ते जिथून उचललं ते जुनं, असे फोटो शेजारी-शेजारी लावून त्याने भल्याभल्यांची पंचाईत केली.

मात्र साध्या बाईची टिंगल त्याला खपायची नाही. रॅम्पवरच्या मॉडेलच्या अंगावरचे कपडे आणि तेच विकत घेऊन रस्त्यावर निघालेल्या सामान्य बायका, असे फोटो त्याने ‘विमेन्स वेअर डेली’साठी काढले होते. दोघींचंही त्याला कौतुक. छापताना मजकूर फिरवला गेला आणि त्या बायका हास्यास्पद ठरल्या. बिल तिथून बाहेर पडला तो परत फिरला नाही. ज्यांना न विचारता आपण त्यांचा फोटो काढतो त्यांचं आपण काहीतरी देणं लागतो, ही जाण पुढे शेवटपर्यंत दिसते. फजिती झालेला, वेडावाकडा चेहरा त्याच्या पानावर शोधून सापडत नाही.

त्याची मर्यादाही इथेच आहे. त्याचं न्यूयॉर्क आनंदी आहे. फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ५७वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर तो दशकानुदशकं उभा राहिला. हा चौक शहरातल्या महागड्या दुकानांच्या मधोमध. हार्लेममध्ये, ब्रुकलिनमध्ये तो जायचा, समलिंगींच्या मिरवणुकांचे फोटोही त्याने सुरुवातीपासून काढले. तरी अंगावर धड कापड नसलेला माणूस त्याच्या जगात जवळजवळ नाही. ज्याला तो शहाणपणाने निवडलेला आनंद म्हणेल, त्याला दुसरा कोणी डोळेझाक म्हणेल. एड्सच्या काळात त्याचे मित्र आणि ओळखीतले कितीतरी जण गेले. १९९४ साली दिग्दर्शक मार्क बोझेकने घेतलेल्या मुलाखतीत तो विषय निघाल्यावर हा सदा हसरा माणूस रडतो. ते दुःख रविवारच्या पानावर कधी उतरलं नाही.

रिचर्ड प्रेसच्या त्या माहितीपटासाठी बिलला राजी करायला आठ वर्षं लागली, चित्रीकरणाला दोन. २०१० साली तो प्रथम दाखवला गेला, तेव्हा बिल आत गेलाच नाही. दाराशी उभं राहून येणाऱ्यांच्या कपड्यांचे फोटो काढत राहिला. या माहितीपटात त्याला दोन प्रश्न एकापाठोपाठ येतात. आयुष्यात कधी कोणावर प्रेम केलंस का? तो हसतो, प्रश्नाचा रोख ओळखतो, तेवढा वेळच मिळाला नाही अशा अर्थाचं बोलून वाट काढतो. मग चर्चविषयी प्रश्न येतो, कारण तो दर रविवारी न चुकता जायचा. त्यावर तो मान खाली घालतो आणि बराच वेळ बोलतच नाही. चर्चमधल्या हॅट बघत वाढलेला मुलगा त्या शांततेत दिसतो, असं मानायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. फ्रेंच सरकारने २००८ साली त्याला कलाक्षेत्रातला किताब दिला, तेव्हाही स्वतःच्याच सत्कारात तो पाहुण्यांचे फोटो काढत फिरत होता. जो सौंदर्य शोधेल त्याला ते सापडेल, असं त्याने मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं तेव्हा मात्र त्याचा गळा दाटून आला.

२५ जून २०१६ रोजी, ८७व्या वर्षी, पक्षाघाताने तो गेला. शेवटच्या आजारापर्यंत काम चालू होतं. नंतर काही दिवस त्याच्या चौकात त्याच्या नावाची पाटी लागली. कागदपत्रांत टंकलिखित आठवणींचं बाड सापडलं. हॅटच्या दिवसांची ती हकिगत ‘फॅशन क्लाइंबिंग’ या नावाने २०१८ साली निघाली. दरम्यान त्याने रुजवलेल्या कामाचा धंदा झाला. आज फॅशन सप्ताहाच्या दारात शंभर कॅमेरे असतात आणि त्यांच्यासमोरून चालणाऱ्यांच्या अंगावर बहुधा कंपन्यांनी दिलेले कपडे. रस्ता तोच, पण निकाल आधीच ठरलेला. बिलने यातल्या एकाचाही फोटो काढला नसता.

त्याच्या फोटोंचं जाडजूड पुस्तक २०१९ साली आलंय आणि ते देखणं आहे. पण ज्याला बिल बघायचाय त्याने शक्य झाल्यास ‘टाइम्स’च्या जुन्या अंकांतली मूळ पानं बघावीत, एखाद्या सदराचं त्याच्याच आवाजातलं ध्वनिमुद्रण ऐकावं. बोस्टनी हेलात, मध्येच खुदकन हसत तो सांगत असतो की या आठवड्यात लोकांनी पट्टे कसे बांधले. सुटा फोटो मोठा करून बघितला तर त्यात बिल अर्धाच सापडतो.